दोरीवरचे शर्ट
नव्या कापडाच्या खळीचा वास आला की मला आमच्या सरकारी दवाखान्यामागचं डॉक्टरांचं निवासस्थान आठवतं. तिथे डॉक्टर कधीच राहिले नाहीत, पण दुरुस्तीचा खर्च मात्र दरवर्षी पडायचा. तो खर्च तपासायला जिल्ह्याहून साहेब आले, त्याच सकाळी माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या. नर्सबाई म्हणाल्या, मूल आडवं आहे, डॉक्टर नाहीत, संगमनेरला न्या. दवाखान्याची गाडी दारात होती, पण ड्रायव्हर साहेबांना आवार दाखवत फिरत होता. मी आणि आई त्याच्या मागे धावलो. निवासस्थानापुढे दोरीवर तीन शर्ट टांगले होते. "डॉक्टर हितंच राहत्यात सायेब, आत्ताच भाईर गेलं," ड्रायव्हर सांगत होता. आईने एक बाही चाचपली. "आन् हे कवा धुतलं रं? दुकानातली घडी बी मोडली न्हाई अजून!" साहेबांनीही शर्टाला हात लावला, हात रुमालाला पुसला आणि लिहिलं, 'डॉक्टर येथेच राहतात.' मग कागद माझ्यापुढे आला. "शिकलेले दिसता. ग्रामस्थ म्हणून सही करा." मी हात मागे घेतला. ड्रायव्हर कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, करून टाक. सायेब गेल्याबिगर गाडी निगायची न्हाई." तेवढ्यात वहिनीची किंकाळी ऐकू आली, आणि मी सही केली. वहिनी वाचली, बाळही वाचलं. आता मी दवाखान्यांच्या खोट्या खर्चाविरुद्ध पत्रकं काढतो. परवा माहिती अधिकारात तो अहवाल मागवला. डॉक्टर तिथे राहत असल्याचा त्यात एकच पुरावा जोडलेला आहे: माझी सही.