मागून हाक

अमेरिकेतील श्रूजबरी गावात पद्मिनीबाई टिपणीस यांना ओळखत नाही असे मराठी घर त्या काळी नव्हते; परंतु त्यांचा आवाज नीट ऐकला आहे असे सांगणारी माणसे फार थोडी निघाली असती. गणपतीच्या आरतीला त्या मागच्या रांगेत उभ्या राहून केवळ ओठ हलवीत. घरात कोणाला जेवायला बोलवायचे असेल, तर जिन्याच्या पायथ्याशी जाऊन कठड्यावर बोटाने टकटक करीत. त्यांचे यजमान जगन्नाथराव मोठ्या कारखान्यात यंत्रे रचणारे इंजिनियर होते. ते पाहुण्यांना हसून सांगत, "आमच्याकडे रेडिओ आहे, पण आवाजाचं बटण आतून काढून ठेवलंय."

यास एक कारण होते. पद्मिनीबाई लहान असताना फलटणला त्यांचे वडील एका सकाळी सायकलवरून कोर्टाच्या कामास निघाले. ते वळणावर पोहोचले तेव्हा मुलीला रिबिनीची आठवण झाली आणि तिने ओट्यावरून मोठ्याने हाक मारली. वडिलांनी वळून पाहिले. पुढचा मोरीचा खड्डा त्यांना दिसला नाही. पाय मोडला आणि तो जन्मभर वाकडाच राहिला. घरातील प्रत्येक माणसाने त्या दिवशी मुलीला एकच वाक्य ऐकविले, की निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. वडिलांनी मात्र काहीही म्हटले नाही, आणि तेच तिला सर्वांत अधिक लागले. तेव्हापासून त्यांनी निघालेल्या माणसाला कधी हाक मारली नाही, आणि हळूहळू न निघालेल्यालाही मारीनाशा झाल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीरंग घर सोडून गेला, त्या दिवशीही त्यांनी हाक मारली नाही.

भांडणाचे मूळ एका मोटारीत होते. श्रीरंग शाळेत असताना जगन्नाथरावांनी कोणाच्या तरी शेतातील गोठ्यात पडलेली एक इंग्रजी स्पोर्ट्स कार आणली होती. ती एम.जी. जातीची, दोनच माणसांची, छप्पर नसलेली आणि गंजलेली होती. पद्मिनीबाईंनी ती पाहून "ही तर टोपली!" असे म्हटले, आणि तेच नाव पडले. बाप आणि लेक दर रविवारी टोपलीखाली आडवे होत. घरी बाप मराठीत बोले आणि मुलगा इंग्रजीत उत्तर देई. परंतु टोपलीखाली दोघांची भाषा एक होत असे.

पुढे श्रीरंग मोटारीने दिवसभराच्या अंतरावर असलेल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात गेला आणि एके हिवाळ्यात परत येऊन म्हणाला, की इंजिनियरिंग सोडून मी तेथील एका गॅरेजमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचे काम धरले आहे. जगन्नाथराव संतापून म्हणाले, "पाना धरायचा होता, तर भोसरीत काय कमी गॅरेजं होती? एवढ्या लांब कशाला आणलं तुला?" मुलगा म्हणाला, "यू पुट द पाना इन माय हँड, बाबा." मग त्याने बॅग उचलली. आपल्याकडे निघताना माणूस 'येतो' म्हणतो. श्रीरंग दारात "आय ॲम गोइंग" म्हणाला आणि गेला. पद्मिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाक घशापर्यंत आली आणि तेथेच राहिली.

त्यानंतर घरात दूरध्वनी वाजला की दोघेही उठत. गॅरेजचा क्रमांक पद्मिनीबाईंना पाठ होता, परंतु त्यांनी तो कधी लावला नाही. जगन्नाथराव मुलाचे नाव काढीत नसत. रोज कामावरून आले की घरच्या गॅरेजमध्ये जात आणि एकटेच टोपलीखाली आडवे होत. तिला रंग लागला, बैठका शिवून झाल्या. इंजिन तेवढे बसवायचे राहिले.

"तुम्हीच बसवा की," पद्मिनीबाई एकदा म्हणाल्या.

"नाही. ते त्याचं काम आहे."

एकोणीसशे शहाऐंशीच्या ऑक्टोबरात त्यांनी ठरविले, की टोपली ॲन आर्बरला न्यायची आणि त्या गॅरेजच्या दारात उभी करायची. क्षमा मागणे त्यांना कोणी शिकविले नव्हते; टोपली हीच त्यांची क्षमा होती. "त्यानं दार लावून घेतलं, तर गाडी तिथे सोडून परत येईन आणि पुन्हा त्याचं नाव काढणार नाही," असे ते म्हणाले. नवरा बोलला तसे करणारा होता, हे पद्मिनीबाईंना ठाऊक होते. आता सर्व काही त्या टोपलीवर आले.

इंजिन नसलेली मोटार ओढून न्यावी लागते. त्याकरिता त्यांनी टो डॉली भाड्याने आणली. दोन चाकांचा हा ठेंगणा गाडा पुढच्या मोटारीस जोडतात. ओढायच्या गाडीची पुढची चाके त्यावर चढवून पट्ट्यांनी करकचून आवळतात आणि मागची चाके रस्त्यावरून धावतात. पट्टा सुटला तर आधार म्हणून एक साखळीही बांधावयाची असते. दुकानदाराने बजावले होते, की हे प्रकरण जोडल्यावर मोटार मागे घेता येत नाही. घेतली तर डॉली आडवी वळते आणि सगळेच मोडते.

शनिवारी सकाळी जगन्नाथरावांनी इंजिन स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात ठेवले, टोपली डॉलीवर चढविली आणि उजव्या चाकाचा पट्टा आवळला. इतक्यात घरात दूरध्वनी वाजला. ते हातातले टाकून धावले. पद्मिनीबाई दह्याची वाटी घेऊन दारात थांबल्या. फोन गालिचे धुऊन देणाऱ्या कंपनीचा होता. जगन्नाथराव बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. तो पाहून पद्मिनीबाईंना वाटले, आता क्षणभरही थांबू देऊ नये. थांबले तर यांचा विचार फिरेल.

"हात पुढे करा."

"अगं, अजून ते—"

"आधी हात."

त्यांनी तळहातावर दही घातले. दही खाल्ल्यावर रेंगाळू नये, हे दोघांच्याही घरचे वळण. जगन्नाथरावांनी ते चाटले, हात पँटला पुसला, "येतो" म्हटले आणि थेट मोटारीत जाऊन बसले.

मोटार रस्त्यावर वळली तेव्हा पद्मिनीबाईंना टोपलीची डावी बाजू दिसली. त्या चाकावरचा पट्टा सैल पडला होता आणि त्याचे टोक रस्त्यावर लोळत होते. 'अजून ते' म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी समजले. त्यांनी तोंड उघडले. मोटार अजून शेजारच्या सुमेधाताईंच्या फाटकापाशीच होती. एका हाकेचे अंतर. परंतु त्यांच्या डोळ्यांसमोर मोरीचा खड्डा आला. हाक मारली तरी ते मोटार मागे कशी घेणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. एक पट्टा आहे, साखळी आहे. मोटार वळणाआड गेली.

मग त्या गॅरेज बंद करण्यास गेल्या. साखळी जमिनीवर पडलेली होती.

त्यांना पुढचा रस्ता आठवला. वेस्टफिल्डच्या पुढे रस्ता डोंगर चढतो आणि पलीकडे ली गावापर्यंत लांबलचक उतार आहे, तो त्यांनी अनेकदा जगन्नाथरावांच्या शेजारी डोळे मिटून पार केला होता. त्या उतारावर एका पट्ट्याने धरलेली मोटार पुढच्या मोटारीच्या पाठीत येईल, आणि पाठीत तर लोखंडाचे इंजिन होते. त्यांनी पोलिसांना फोन लावला. तेथील बाईने मोटारीचा नंबर विचारला. तो त्यांना ठाऊक नव्हता. "होल्ड ऑन, मॅम," असे म्हणून ती बाई गेली, आणि रिसीव्हर कानाशी धरून उभे राहणे पद्मिनीबाईंना अशक्य झाले.

त्यांच्याकडे परवाना होता आणि एक लहान टोयोटा होती. ती त्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत आणि वाचनालयापर्यंत नेत. महामार्गावर ती त्यांनी आजवर नेली नव्हती. पायांत सपाता, अंगावर घरचे पातळ आणि हाती केवळ किल्ली, अशा स्थितीत त्या निघाल्या. शेजारच्या बाजूची काच पूर्ण उघडी होती, आणि चालविताना तिकडे वाकण्याचे धैर्य त्यांना नव्हते. ऑबर्नच्या नाक्यावर टोलचे तिकीट घेतले, त्याचे पैसे बाहेर पडताना द्यावयाचे असतात, आणि त्या मोठ्या रस्त्यास लागल्या. वारा आत शिरून पदर तोंडावर आपटू लागला. प्रचंड ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात. "गजानना, गजानना," एवढाच शब्द ओठांत होता, आणि तोही मनातल्या मनात.

स्टरब्रिज गेले. पामर गेले. रस्त्याच्या कडेला थांबलेली प्रत्येक मोटार दुरून टोपली वाटे. एका ठिकाणी पोलिसांचे दिवे फिरताना दिसले. त्यांनी तिकडे पाहिलेच नाही, समोर पाहत राहिल्या. डोळ्यांतले पाणी पुसण्यासाठी हात काढावा, तर तोही स्टिअरिंगवरून सुटेना.

वेस्टफिल्ड मागे पडले आणि चढावर, उजव्या बाजूच्या संथ रांगेत, ती दिसली. हिरवी, चकचकीत, वेड्यासारखी डोलणारी टोपली. डावे चाक डॉलीच्या खाचेतून अर्धे वर आले होते आणि प्रत्येक धक्क्यागणिक आणखी थोडे वर येत होते.

पद्मिनीबाई मागे जाऊन लागल्या आणि हॉर्नवर तळवा ठेवला. हॉर्न म्हणजे मागून मारलेली हाकच की, हा विचार मनात आला. तळवा मात्र उचलला नाही. जगन्नाथरावांनी त्या हॉर्नचा आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता, कारण तो कधी वाजलाच नव्हता. कोणी उतावीळ अमेरिकन असेल असे समजून त्यांनी खिडकीतून हात काढला आणि 'जा बाबा पुढे' अशी खूण केली.

माथा जवळ येत होता. पद्मिनीबाईंनी डावीकडची रांग घेतली आणि टोयोटा बरोबरीस आणली. दोन खिडक्या समोरासमोर आल्या. जगन्नाथराव समोर पाहत होते.

"अहो!"

फलटणच्या बाजारात एखादी बाई अशी ओरडली, तर दहा पुरुष वळून पाहतील. त्या संपूर्ण महामार्गावर हा शब्द एकाच माणसाचा होता.

"अहो! थांबा! पट्टा!"

त्यांनी वळून पाहिले. आपली बायको, विस्कटलेले केस, तोंड उघडे, शेजारून मोटार हाकते आहे, हे पाहून त्यांचा पाय घाईने ब्रेकवर पडला. वॅगन रस्त्याकडेला सरली. डावे चाक खाचेतून उसळून बाहेर आले, टोपली पुढे झेपावली आणि तिचा डावा गाल डॉलीच्या लोखंडावर आपटला. उजव्या पट्ट्याने तेवढे धरून ठेवले.

जगन्नाथराव उतरले. त्यांनी सैल पट्टा पाहिला, साखळीची रिकामी कडी पाहिली. पुढे पाहिले, माथा दिसत होता आणि त्यापलीकडे रस्ता दिसत नव्हता. मग त्यांनी चेपलेल्या पत्र्यावर हात ठेवला आणि रस्त्याच्या कठड्यावर बसले. या माणसाला रडताना पद्मिनीबाईंनी कधी पाहिले नव्हते.

"मी हाक मारली म्हणून झालं हे," त्या म्हणाल्या.

"हाक मारली नसतीस, तर मी कुठे असतो?" ते म्हणाले. "पण आता काय नेऊ त्याला? काय तोंडानं नेऊ? पट्टासुद्धा आवळता येत नाही म्हणेल. इंजिनियर म्हणे!"

थोड्या अंतरावर ब्लँडफर्डचा पेट्रोल पंप आणि उपाहारगृह दिसत होते. "कोणाला तरी बोलवायला हवं," असे म्हणून पद्मिनीबाई सपाता फटफटवीत कडेकडेने चालत तेथे गेल्या. सार्वजनिक फोनपाशी गेल्यावर ध्यानात आले, की जवळ एक नाणे नाही. पैसे नसतील तर ऑपरेटरमार्फत फोन करता येतो. समोरच्याने मान्य केले तर खर्च त्याच्यावर पडतो. पाठ असलेला एकच क्रमांक त्यांनी सांगितला.

"तुमचं नाव?" ऑपरेटरने विचारले.

त्यांनी सांगितले.

"मोठ्यानं बोला, मॅम. ऐकू येत नाही."

"पद्मिनी!" त्या ओरडल्या. कॉफी घेणारी माणसे वळून पाहू लागली. "सांगा त्याला, आई!"

पलीकडे हातोड्याचा आवाज चालला होता, तो थांबला. कोणीतरी कोणाला बोलावीत होते. ऑपरेटरने विचारले, की हा कॉल घेणार का? काहीच ऐकू येईना. पद्मिनीबाईंनी भिंतीला कपाळ टेकले. नाही म्हणाला, तर परत जाऊन त्या कठड्यावरच्या माणसाला काय सांगावे?

"येस," श्रीरंगचा आवाज आला. "येस, येस. आई? इज बाबा ओके?"

"हो रे. टोपली आणत होते तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" हा शब्द त्याने मराठीत उच्चारला. मग विचारले, "हाउ बॅड इज टोपली?"

"डावा गाल चेपलाय. चाक बाहेर आलंय. फार वाईट अवस्था आहे रे, त्यांचीसुद्धा."

"टेल हिम, डोन्ट टच इट. पत्रा सरळ करू नको म्हणावं, ही विल मेक इट वर्स. व्हेअर आर यू? ओके. आय ॲम कमिंग."

त्या परत आल्या तेव्हा जगन्नाथराव तसेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाला केलास फोन?"

"त्याला."

"घेतला?"

"घेतला. पत्र्याला हात लावू नका म्हणाला."

"आणि?"

पद्मिनीबाईंनी मुलाचे शेवटचे वाक्य मनात एकदा उलगडून पाहिले. नंतर ते, एरवीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात, मराठीत सांगितले.

"येतो म्हणाला."

"ॲन आर्बरहून?" जगन्नाथराव म्हणाले. "पहाट होईल."

"होऊ दे."

जगन्नाथराव उठले. सरळ करण्यासाठी पत्र्याकडे गेलेला हात त्यांनी मध्येच मागे घेतला, अंगातले जाकीट काढले आणि टोपलीच्या चेपलेल्या गालावर पांघरले.