कादंबरीवर बसलेल्या सासूबाई

माझ्या सासूबाईंना मी एकदा कादंबरीवर बसवून भलत्याच दिशेला नेलं.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पैठणला सासूबाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, आणि नवरीच्या मुंडावळ्या आमच्याकडं. त्या आत्यानंच आमच्या गुलमंडीच्या बाजारातून न्यायच्या, असा त्यांच्या माहेरचा रिवाज. दुपारचा मुहूर्त. स्टँडवर ही गर्दी! त्यात सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणजे जागा मिळायलाच हवी.

"रुमाल टाक गं खिडकीतून," त्या म्हणाल्या.

रुमाल? मी कॉलेजात शिकलेली! (एकच वर्ष, पण ऐट पदवीची.) शाळेत बुक म्हणजे पुस्तक, बँकेत पासबुक, आणि मोठी माणसं जागासुद्धा 'बुक' करतात, एवढं इंग्रजी मला येत होतं. मग बुक करायला बुकाइतकं योग्य दुसरं काय? समोर आलेल्या पहिल्या बसच्या खिडकीतून मी हातातली जाडजूड कादंबरी भिरकावली. ती एका टकलावर आपटून सीटवर पडली. टक्कल निमूट सरकलं.

"लई हुशार हाय माझी सून," टकलाला सांगत सासूबाई कादंबरीवरच बसल्या.

त्या कौतुकानं मी तरंगायला लागले. पुस्तक त्यांच्याखाली, म्हणून उभ्याउभ्या पुढची गोष्ट मनातच रचत राहिले. कोवळं ऊन आत येत होतं, सासूबाई डुलक्या घेत होत्या, बाहेर निळसर डोंगर सरकत होते. पैठणच्या रस्त्याला इतके सुंदर डोंगर, आणि आपल्याला आजवर दिसले कसे नाहीत!

गर्दीतून वाट काढत कंडक्टर आला.

"दोन पैठण," मी स्वप्नातूनच म्हटलं.

"ताई, ही फर्दापूरची हाय."

"मग पैठण कधी येईल?"

"ह्या बाजूनं? येत नाय."

उलट्या बसनं धापा टाकत पोचलो, तोवर नवरीच्या कपाळाला गजरा बांधून अक्षता पडल्यासुद्धा होत्या. सासूबाईंनी मुंडावळ्या तिच्या ओटीत घातल्या आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शिकलेली सून केली बाई. समदं वाचती, बसची पाटी तेवढी नाय."

परवा नातीनं फोनवर पैठणची दोन तिकिटं बुक केली. चढण्याआधी मी पाटी मोठ्यानं वाचली, अक्षर अक्षर लावून.

मागचा माणूस म्हणाला, "आजी, वाचायला शिकायलाव का?"

"व्हय," म्हटलं, "जरा उशीरच झाला."