नकाशांच्या मागची बिस्किटं

हिंदाबाई शाळेत आली तेव्हाच मला खटकली होती.

इस्राएलमधल्या बने ब्राक गावातल्या या कर्मठ ज्यू मुलींच्या शाळेत मी, फ्रादेल, सव्वीस वर्षं चहा करते, घंटा देते आणि सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. त्या दिवशी गदल्याचा उपास होता. आमच्या नव्या वर्षाचे दोन दिवस गोडधोड खाऊन झालं की लगेच येतो. पहाटेपासून चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. नेमकं त्याच दिवशी मोठ्या बाईंनी हिला बोलावलं होतं, "एक दिवस शिकवून दाखवा, जमलं तर कायम."

नोकरीची गरज तर होतीच. तिची जुनी शाळा बंद पडलेली आणि नवरा दिवसभर ग्रंथ घेऊन बसणारा. पण ही मूळची आपल्यातली नव्हे. शनिवारी, शब्बाथच्या पवित्र दिवशीही, गाडी चालवणाऱ्या घरात हैफा शहरात वाढली, पंचविशीत धर्माकडे वळली. आता बेचाळीस. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मूलबाळ नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

"लग्न झालेल्या बायकांसारखा केस झाकून विग चढवला म्हणून जुन्या सवयी जातात होय?" मी भूगोलाच्या बाईंना म्हटलं.

आल्या आल्या हिने विचारलं काय, तर संडास कुठल्या मजल्यावर! पहिल्या तासाला दोनदा बाहेर. पिशवी छातीशी घट्ट. मी घंटेचं निमित्त करून दाराशी घुटमळत होते. आठवीतली योखवेद म्हणजे नुसती आगाऊ. तिने विचारलंच, "बाई, तुम्ही पूर्वी समुद्रावर पोहायला जायचात का हो?"

"जायचे की. एकदा बुडता बुडता वाचले. वह्या काढा."

मुली खुदकन हसल्या. शिकवते बरी, हे मलाही कबूल करावं लागलं. पण चेहरा पांढराफटक आणि कपाळावर घाम.

मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीचं दार आतून लोटलेलं दिसलं. ढकललं, तर बाईसाहेब गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे स्टुलावर बसलेल्या! एका हातात बिस्कीट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. मला बघून ती दचकून उठली. पिशवी पडली, सगळं सामान विखुरलं.

"आज उपास आहे ना हो?"

"धर्मगुरूंना, रब्बींना, विचारलंय, फ्रादेलबाई."

"कुठल्या रब्बींना? आणि कशासाठी?"

तिने सामान गोळा केलं आणि मान खाली घालून वर्गाकडे गेली. मला काय बाई आनंद झाला! तडक मोठ्या बाईंकडे गेले आणि पाहिलं ते सगळं ओतलं. त्या म्हणाल्या, "शेवटच्या तासानंतर पाठवा तिला."

शेवटची घंटा दिल्यावर मी नकाशांची खोली झाडायला घेतली. केरात एक कापडी पुरचुंडी आली. सोडली, तर आत लाल खडा.

मी लगेच ओळखला. गर्भ टिकावा म्हणून आमच्या बायका पोटाशी बांधतात तो हा खडा. एकीकडून दुसरीकडे फिरत येतो. मीही तीनदा बांधला होता. दोनदा टिकलं, एकदा नाही. तीन महिने होईपर्यंत आईलासुद्धा सांगायचं नसतं, दृष्ट लागते. आणि पोटुशीला या उपासाची सूट असते, हे मला शिकवायला हवं होतं का? सोळा वर्षं रिकामी म्हणून माझ्या मनात आलंच नाही. मेली माझी जीभ!

धावत गेले. खोलीत मोठ्या बाई, शेजारी आणखी दोन शिक्षिका, आणि समोर हिंदा.

"शेवटचं विचारते. खात होतात की नव्हतात?" मोठ्या बाई म्हणाल्या.

सांगावं तर गुपित फुटणार, न सांगावं तर नोकरी जाणार.

"बिस्किटं माझी होती," मी म्हटलं. "हिने मला पकडलं. ही सांगेल म्हणून मीच आधी येऊन चुगली केली."

तेवढ्यात माझंच उपाशी पोट गुरगुरलं. मी जोरात खोकले.

"सव्वीस वर्षं, फ्रादेल!" मोठ्या बाईंनी हात पुढे केला. मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांच्या हातात दिला.

जिन्यात मी पुरचुंडी हिंदाच्या मुठीत कोंबली. तिने माझा हात धरला तो सोडेचना. "अगं, रडू नकोस, सगळ्यांना कळेल," मी दटावलं.

हिंदा कायम झाली. मी चहा करते, पण साखरेचा डबा आता भूगोलाच्या बाई कुलपात ठेवतात. मी कुठल्या खोलीत शिरले की कुणीतरी मागून डोकावतं. परवा योखवेदनेच विचारलं, "फ्रादेलबाई, येत्या उपासाला बिस्किटं कुठली आणणार?"

मी हसले. हिंदाचे तीन महिने भरायला अजून पाच आठवडे आहेत.