आखाजीची घागर आणि ग्रीक नावाडी

मी धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत असे. नक्कल करताना मूळ चित्रात एका रेघेचाही बदल मला चालत नसे. त्यासाठी मी अनेकांचे गुण कापले आहेत.

शाळेच्या ग्रंथालयात ग्रीक मृत्पात्रांवर एक जाड पुस्तक होते. बहुतेक पानांवर काळ्या-तांबड्या रंगांत वीरांच्या लढाया आणि राक्षसांचे वध होते. शेवटच्या पानांत मात्र काही पांढऱ्या सुरया होत्या. मृतासाठी तेल भरून त्या थडग्यापाशी ठेवीत. एकीवर मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी होता. त्याने बांबू रोवून होडी थांबवली होती आणि काठावर एक स्त्री उभी होती.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास आई धुळ्यात माझ्या घरी वारली. गावाहून, साक्रीहून निघालेल्या वडिलांना वेळेवर पोचता आले नाही. शेवटी ती कशी होती, हे त्यांनी कधी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आईच्या पहिल्या आखाजीला मी नव्या घागरीवर चुन्याचा हात दिला आणि गेरूने ते चित्र जसेच्या तसे उतरवले. घागर कोरीच असावी, असे पत्नीचे म्हणणे होते. मी ऐकले नाही.

वडील आदल्या दिवशीच आले होते. सकाळी पाटावरची घागर पाहून त्यांनी हे कोण, असे विचारले. मी नावाड्याची कथा थोडक्यात सांगितली. ते बराच वेळ त्या स्त्रीकडे पाहत राहिले.

"तिले कितलं उभं ठेवशी? होडीमा बसाड."

"आबा, मूळ चित्रात ती उभीच आहे."

"ते तठे पुस्तकमा ऱ्हाऊ दे. हाई आपली शे."

मी ओल्या फडक्याने ती आकृती पुसली. पुन्हा चुना दिला. तो वाळेपर्यंत पूजा खोळंबली. नैवेद्याच्या सांजोऱ्या झाकून ठेवाव्या लागल्या. होडी अरुंद होती, म्हणून नावाड्याला मागे सरकवून तिला बसवले. प्रमाण चुकले. वडील शेजारी बसून पाहत होते. गेरू पुरता सुकण्याआधीच त्यांनी घागरीत स्वतः पाणी ओतले.

मग त्यांनी विचारले, शेवटच्या दिवशी ती काही बोलली का. मी सांगितले.