सटवाई जागेपणी हसवत नाही

मी दवाखान्यातला कंपाउंडर. माझा विश्वास डोसाची कागदी पट्टी चिकटवलेल्या मिक्श्चरच्या बाटलीवर. अंगारे-धुपारे म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी चारचौघांत ठणकावून सांगत असे. हे आधीच लिहितो, म्हणजे कोणी मला भोळसट ठरवायला नको.

आम्ही सोलापुरात, गिरणीजवळच्या चाळीत राहतो. लेक झाली. पाचवी पुजली आणि दुसऱ्याच दिवसापासून झोपेत तिचा डावा गाल उडू लागला, ओठाचा कोपरा वर जायचा. "सटवाई हसवतीया," म्हणत सगळी चाळ कौतुकानं बघून गेली. मीही हसलो... मूर्ख!

नवव्या दिवशी सुईण गंगामावशी बाळाला न्हाऊ घालायला आली. बाळाचे डोळे टक्क उघडे, आणि गाल थडथड उडतोय! मावशीचा हात थांबला.

"सटवाई झोपंत हसवती, दादा. जागेपनी न्हाय."

धनुर्वात? तोंडात बोट घालून पाहिलं — जबडा मोकळा होता, पण पोर दूध ओढीना. टांगा करून डॉक्टरांना आणलं. "फिट्स दिसतात. एवढ्याशा जिवाला औषध तरी काय द्यावं? वाट पाहा," म्हणाले आणि गेले. दुपार कलली तशी पापणीही ओढली जाऊ लागली.

मावशी म्हणाली, "बाप हायसा न्हवं? तुमी अलाबला घ्या. तिच्या तोंडावरनं हात फिरवा, आपल्या कानशिलावर बोटं मोडा आन् म्हना — तुजं समदं मला."

मी हात पुढे केला. आणि खरं सांगतो — मागे घेतला. म्हणालो, "असलं थोतांड मी करणार नाही."

बायको बाजेवरून उठली. "सरा वो तिकडं! तुमचं शास्त्र ठिवा तुमच्यापाशी." तिनं बाळाच्या तोंडावरून हात फिरवले, बोटं कडाकडा मोडली. "तुजं समदं मला, माजे बाई."

गाल थांबला. थोड्या वेळानं पोरगी चुटूचुटू प्यायला लागली. मी रडलो हो, चक्क रडलो... मग बायकोकडे पाहिलं. तिचा डावा गाल उडत होता.

आज लेक पाच वर्षांची आहे, धडधाकट. बायकोचा गाल अजून उडतो. डॉक्टर म्हणतात, बाळंतपणात नसा दुबळ्या झाल्या. असेलही. पण त्याच दिवशी, त्याच बाजूला, त्याच घटकेला कशा झाल्या, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मला मात्र छळतं ते निराळंच. ते सगळं थोतांडच होतं, तर मी हात मागे का घेतला? बायकोनं हे मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.