बायकांच्या पटाला घड्याळ नव्हतं

गेल्या वर्षी नौबादच्या एका सभागृहात बुद्धिबळाच्या स्पर्धा होत्या. बायकांच्या गटात आम्ही सहाजणी. शेवटचा डाव जिंकला की पहिला नंबर माझा होता. समोर साठीच्या एक निवृत्त नर्सबाई, घरी कन्नड बोलणाऱ्या. मी त्यांना अक्का म्हणत होते.

डाव मध्यावर आला तेव्हा त्यांचा हत्ती मला फुकटात मिळाला. तिथून अक्का थांबल्याच. हनुवटीखाली मूठ धरून पटाकडे बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी एक प्यादं सरकवलं आणि पुन्हा तेच. ठाणाकुशनूरची माझी शेवटची बस साडेपाचची.

"अक्का, चाल करा की. मला गाडी हाय."

"इचार करायलेय, बाई. घाई कामून करायलीस?"

मी उठून पंचांकडे गेले. पलीकडे पुरुषांच्या प्रत्येक पटाशेजारी चालींचा वेळ मोजणारं घड्याळ होतं.

"ताई, घड्याळं मोजकीच मिळालीत," पंच म्हणाले. "तुमचं तुम्ही आपसात बघून घ्या."

आपसात काय बघणार? डोकं तापलं. अक्कांचा हात मोहऱ्यावरून उचलला जायच्या आत मी पुढची चाल करू लागले. तरी डाव माझाच होता. त्यांचं एकेक मोहरं गेलं, कोपऱ्यात एकटा राजा उरला. माझ्या प्याद्याचा वजीर झाला. पाच वीस झाले होते. मी वजीर त्या राजाजवळ आपटला, "मात" म्हटलं आणि पर्स उचलली.

अक्कांनी राजाभोवतीच्या घरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "शह कुठंय गं?"

शह नव्हताच. आणि राजाला हलायला घरही ठेवलं नव्हतं. अशा वेळी नियमानं डाव बरोबरीत. वजीर एक घर पुढं ठेवला असता तर सगळं संपलं असतं.

"जिंकलेलीच हुतीस तू," अक्का म्हणाल्या. त्यानं मी जास्तच चिडले.

बस मिळाली. औरादपर्यंत उभी होते. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"दुसरी आले."

"चांगलं झालं की!"

मी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी आयोजकांना अर्ज लिहिला, की बायकांच्या पटालाही घड्याळ द्यावं. सहीसाठी अक्कांना फोन केला. त्या हसल्या. "घाल माझं नाव. पण घड्याळ असतं तर मी कवाच हरले असते, तेवढं लिहू नको."

अर्जाला उत्तर आलं नाही. यंदाचं पत्रक परवा हाती आलं. घड्याळाचा नियम आहे त्यात, फक्त पुरुष गटाखाली.