जाईबाई आणि बर्फाची पेटी

रत्नागिरीच्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, जाईबाई तीस वर्षं आया होती आणि तीस वर्षं डॉक्टरांना नाकं मुरडत होती. मुंबईहून संशोधन करायला डॉक्टर प्रज्ञेश आला तेव्हा तर तिला आयतंच गिऱ्हाईक मिळालं. गरोदरपणात काही बायकांचं लिव्हर बिघडतं, त्यांच्या रक्तात आणि वारेत कोणती प्रथिनं वाढतात, ते हा शोधणार. बाळामागून पडलेली वार न्यायला बर्फाची पेटी घेऊन फिरायचा. एवढं शिकून वारा गोळा करतोय मेला, असं ती वॉर्डभर सांगत सुटली.

एक दिवस तो नर्सना त्या रोगाची खूण सांगत होता. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत. नुसती खाज, तळहाताला नि तळपायाला. वेळेत कळलं नाही तर मूल पोटात दगावू शकतं. जाईबाईचा फडका हातातच राहिला.

दोन वर्षांपूर्वी तिची सून दीक्षा आठव्या महिन्यात अशीच खाजवायची. मुलगा प्रमोद मुंबईला कामाला, घरात शहाणी एकटी जाईबाई. बांगडे खाल्लेस, पित्त उठलं, असा निकाल देऊन तिने आमसुलाचं पाणी सुनेच्या अंगाला चोळलं. अंगावर एक गांध नव्हती, पण बाईसाहेबांना दिसेल तर शपथ! कसला डोंबलाचा अनुभव! स्वतः दवाखान्यात राबायची, पण सुनेला वेळेत तिथे नेलं नाही. मूल पोटातच गेलं. रीतीप्रमाणे दवाखान्यातून वार मागून आणून माडाखाली पुरली आणि दोष दीक्षाच्या नशिबावर ढकलून मोकळी झाली.

आता दीक्षाला पुन्हा आठवा लागला होता. घरी येताच जाईबाईने तिचे तळपाय बघितले. ओरबाडून लाल झाले होते.

"कधीपासनं गो?"

"चार दिवस झाले. पुन्हा आमसुलं चोळाल म्हणून बोलले नाही, आई."



सकाळी जाईबाईने सुनेला प्रज्ञेशसमोर उभं केलं, काढा म्हणाली तुमची प्रथिनं. त्याने सरळ सांगितलं, त्याच्या शोधाला अजून वर्षं लागतील, दीक्षाला त्याचा काही उपयोग नाही. पण या रोगासाठी रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी आजही होते. तो तिला वॉर्डाच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेला. आकडा फार वाढलेला निघाला. मॅडमनी औषध दिलं, बाळाचे ठोके तपासत राहिल्या आणि सदतिसाव्या आठवड्यात कळा आणल्या. जाईबाई दाराबाहेर बसून होती. आतून मुलगी रडली तेव्हा तीही रडली, आणि नर्सनी बघितलं तरी डोळे पुसले नाहीत.

प्रज्ञेश पेटी आणि संमतीचा कागद घेऊन आला. प्रमोद मुंबईहून आला होता, तो आडवा आला. वार आपल्या घरामागच्या परड्यातच पुरायची, म्हणाला. दीक्षाने सासूकडे बघितलं.

"मागची मी पुरली, आणि माझी चूकही तिच्याबरोबर पुरली," जाईबाई म्हणाली. "पण वार तुझी, बाय. तू सांगशील तसं."

दीक्षाने पेन मागितलं.